बिनपोळीचा चातुर्मास

“डॉक्टर, तुम्ही स्वतः आज सकाळी काय खाल्लंत?”

विचारलं ईराने, पण प्रश्न तिचा नव्हता. अकरावीतल्या तिच्या दोन जिवलग मैत्रिणी, केतकी आणि मृण्मयी, यांनी आदल्या दिवशी शाळेच्या ऑटोत तिला डिवचलं होतं की, हिंमत असेल तर हे विचारून दाखव. आणि हिंमत ही ईराकडे नव्यानेच आलेली वस्तू होती. शाळेच्या वादविवाद स्पर्धेत तिने बारावीच्या मुलांना गप्प केल्यापासून ती वस्तू कुठे ना कुठे वापरून बघायला तिचा जीव नुसता आसुसलेला असायचा.

टेबलाखालून आईची चप्पल ईराच्या पायावर आली आणि तिथेच राहिली.

उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या दवाखान्यात बसलेले डॉक्टर मुंगी भात, पोळी, बटाटा, मैदा आणि साखर यांच्याविरुद्ध बराच वेळ तळमळीने बोलले होते. ते बोलत असताना त्यांचं पोट मात्र टेबलाच्या कडेवर निवांत टेकलेलं होतं. त्याला या विषयाशी काही देणंघेणं नसावं.

“पोहे,” डॉक्टर म्हणाले.

“आणि?”

डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघितलं. “जलेबी.”

“ईरा!” आई दातांतल्या दातांत म्हणाली.

“असू द्या हो वहिनी, बरोबर विचारतेय ती.” डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “मी खातो आणि मग गोळी घेतो, बेटा. रोज, दोन्ही वेळा. माझी शुगर चाळिशीनंतर बिघडली. तुझी सोळाव्या वर्षीच बिघडायला निघालीय. अजून दारात उभी आहे, आत आलेली नाही. तीन महिने सांगितलं तसं खा, चाल, झोप. आकडे खाली आले तर गोळीविना भागेल. नाही आले तर सुरू करू. गोळी काही वाईट नसते. पण आधी तुझं तू करून बघायचंय का?”

“बघायचंय,” ईरा म्हणाली. हा शब्द मात्र कोणी शिकवलेला नव्हता.

कारण ती वैतागलेली होती. तिची पाळी आगाऊ पाहुण्यासारखी होती, महिनोन्‌महिने पत्ता नाही आणि आली की हलायचं नाव नाही. वर्गात तिसऱ्या तासाला डोळे आपोआप मिटायचे, मग शिकवणारे सर कितीही ओरडोत. आणि मानेवर काळा पट्टा आला होता. तो मळ आहे अशी आईची पक्की खात्री असल्यामुळे वर्षभर दर रविवारी बेसन आणि लिंबू घेऊन ती मान घासली जात होती, पितळेचं तांब्याभांडं घासावं तशी. तो मळ नसून इन्सुलिनची करणी आहे, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आईचा चेहरा इतका पडला की, ईराला स्वतःच्या रिपोर्टपेक्षा तिचीच दया आली. रिपोर्टवर पीसीओडी हा शब्द होता. आईने तो कागद चार घड्या घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला, वर चेन लावली आणि चेन लागली का ते ओढून पाहिलं.

परतीच्या ऑटोत आई ड्रायव्हरला ऐकू जाऊ नये म्हणून ईराच्या कानाशी लागली. “हे बघ, खाण्याचं मी सगळं करीन. फुलकोबी किसून भात कर म्हणालीस तर तोही करीन. पण कॉलनीत कोणाला कळता कामा नये. मुलीच्या जातीला असलं काही आहे म्हटलं की लोक…”

“लोक काय?”

“लोक बोलतात.”

“लोक तर पेट्रोलबद्दलपण बोलतात, आई.”

यावर आईने ड्रायव्हरला “भैया, जरा जल्दी” म्हणून विषय संपवला.

आठवडाभर आईने शब्द पाळला. सकाळी मुगाचं धिरडं, डब्यात पनीर आणि काकडी, रात्री भरपूर भाजी, वाटीभर घट्ट वरण, दही. फुलकोबीचा भातही झाला. बाबांनी, म्हणजे बँकेत हिशेबात एक पै इकडची तिकडे होऊ न देणाऱ्या विलासरावांनी, त्याचा पहिला घास घेतला आणि “चांगलाय” असं म्हणून त्यावर मूठभर सेव घातली. उज्जैनमध्ये राहणाऱ्या माणसाचा कोणत्याही संकटावरचा पहिला उपाय सेव हाच असतो. “सेव बेसनाची असते. म्हणजे प्रोटीनच ते,” असं स्पष्टीकरणही त्यांनी दिलं, कोणी विचारलेलं नसताना.

मग आषाढी एकादशी झाली आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या विनोदिनीकाकू गुळाचा सांजा घेऊन आल्या.

विनोदिनीकाकू म्हणजे कॉलनीतल्या मराठी भजनी मंडळाच्या अध्यक्ष, सचिव आणि बहुतेक वेळा संपूर्ण मंडळ. त्यांनी डिशचा फडका काढला. तुपाचा वास थेट ईराच्या मेंदूत घुसून तिथे ठाण मांडून बसला.

“घे गं.”

“नको काकू.”

“नको? माझा सांजा?” काकूंनी डोळे बारीक केले. “डायटिंग-बिटिंगचं खूळ घेतलंय का डोक्यात? का बरंबिरं नाही? डॉक्टरकडे दिसलात म्हणे तुम्ही दोघी परवा.”

ईराने तोंड उघडलं. त्याआधीच आई, जिला एरवी दूधवाल्याशी खोटं बोलतानाही घाम फुटतो, अगदी सहज म्हणाली, “अहो, तिने नेम धरलाय. चातुर्मासाचा. भात, पोळी, गोड, सगळं सोडलंय कार्तिकीपर्यंत. डॉक्टरांना फक्त विचारून घेतलं, झेपेल ना म्हणून.”

काकूंचा हात डिशसकट जागच्या जागी थांबला. मग त्यांनी ती डिश टीपॉयवर ठेवली आणि ईराला चक्क हात जोडले.

“बाई गं! या वयात! आमच्याने चार महिने वांगं सुटत नाही.”

त्या गेल्यावर ईरा आईकडे बघतच राहिली. “आई, हे काय होतं?”

“सुचलं तसं बोलले.”

“मला वाटायचं मी वादविवाद बाबांकडून उचललाय.”

खरं सांगायचं तर ईराला ही कल्पना आवडली. आपल्याकडे ‘डॉक्टरांनी नको सांगितलंय’ म्हटलं की समोरचा माणूस ‘एकाने काय होतंय’ म्हणत दोन वाढतो. पण ‘नेम आहे’ म्हटलं की तोच हात विजेचा झटका बसल्यासारखा मागे जातो. डॉक्टरला इथे कोणी भीत नाही, देवाला सगळे भितात. वाढदिवस, बारसं, सत्यनारायण, सगळीकडे ईरा नुसती म्हणायची, “नेम आहे,” आणि ताटातली जलेबी आपण होऊन उठून जायची. मैत्रिणींना अर्थात खरं माहीत होतं. केतकी तर शाळेबाहेरच्या ठेल्यावर ईराच्या वाटची कचोरीही खायची. “तुझ्यासाठी करतेय यार,” ती तोंड भरलेलं असतानाच म्हणायची. “तू एकटी पडू नयेस म्हणून.”

“केवढा तो त्याग!”

“मग! जाडी मी होणार, बारीक तू होणार. मैत्री अशी असते.”

आणि खरंच फरक पडायला लागला. तिसऱ्या तासाला डोळे उघडे राहू लागले, त्यामुळे त्या तासाला भूगोल असतो ही नवीन माहिती ईराला मिळाली. संध्याकाळी मृण्मयीबरोबर ती नदीवरच्या राम घाटापर्यंत चालत जायची. आधी परतताना ऑटो शोधावी लागायची, आता परतताना भांडायला श्वास उरायचा. फोनवर लोक अॅव्होकाडो कापत कापत ‘स्वतःवर प्रेम करा’ सांगायचे, ते तिने बघणं सोडलं. तिच्या कॉलनीतल्या भाजीवाल्याने अॅव्होकाडोचं नाव ऐकून “दीदी, वो तो नहीं, गिलकी ले जाओ” म्हटलं होतं आणि गिलक्याने, म्हणजे आपल्या घोसाळ्याने, काम व्यवस्थित भागत होतं. रडू यायचे ते दिवसही होतेच. एकदा तर पोळीचा फोटो बघून रडू आलं. पण दुसऱ्या दिवशी पाळी आली, आणि वेळेवर आली! ईराने ही बातमी केतकीला वर्गात चिठ्ठीने कळवली, आणि केतकीने अशी टाळी वाजवली की सरांनी दोघींना बाहेर काढलं.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण विनोदिनीकाकूंना कोणाची भक्ती कळली आणि ती त्यांच्यापाशीच राहिली, असं आजवर झालेलं नाही. श्रावण संपेपर्यंत साऱ्या कॉलनीला माहीत झालं की, देसाईंच्या सोळा वर्षांच्या ईराने अन्न सोडलंय. धान्य आणि गोड हे बारकावे वाटेत कुठेतरी गळून पडले.

आणि अन्न सोडलेल्या मुलीला उपाशी ठेवणं कॉलनीला कसं सहन होणार? फराळ यायला लागला.

साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याची सेव आणि डाळिंबाचे दाणे. रताळ्याचा कीस. बटाट्याचे पापड. राजगिऱ्याचे लाडू. साबुदाण्याची खीर. केळ्याचं शिकरण. डॉक्टर मुंगींनी जे जे लाल पेनने खोडलं होतं ते ते सगळं, पवित्र होऊन, झाकणाच्या डब्यातून दारात यायचं. डबा आणणारी बाई तिथेच बसायची, कारण नेमाच्या मुलीला आपल्या हातचं खाताना बघण्यातही पुण्य असतं म्हणे.

“हे चालतं तुला नेमात,” काकू ठामपणे म्हणायच्या. “उपासाचंय.”

ईराने पहिल्यांदा आईकडे पाहिलं. नेमात चालतं पण मला चालत नाही, असं म्हणायचं तर ‘का’ हा प्रश्न येणार, आणि त्याचं उत्तर पर्सच्या आतल्या कप्प्यात. आईने डोळ्यांनीच विनवलं. ईराने खिचडी खाल्ली. छान झाली होती, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

मग ते रोजचंच झालं. वाईट असं की, रोज संध्याकाळी देवाच्या नावाने बटाटा खाल्ला की सकाळी मुगाच्या धिरड्याकडे बघून हसूच येतं. कशाला करायचं? कोणासाठी? जीव तोडून पाळावं असं तिच्याकडे जे काही होतं, ते आता तिचं राहिलं नव्हतं. काकूंच्या मंडळाचं झालं होतं. राम घाटावर जाणं एक दिवस चुकलं, मग आठवडा चुकला. तिसऱ्या तासाचा भूगोल पुन्हा दिसेनासा झाला.

नवरात्र संपल्यावर रिपोर्ट आला. डॉक्टर मुंगींनी तो दोनदा वाचला.

“थोडा वरच गेलाय. फार नाही, पण वरच. काय खात होतीस?”

“भक्ती,” ईरा म्हणाली.

डॉक्टरांना कळलं नाही, तेव्हा तिने फराळाचे पदार्थ सांगितले. त्यांनी कपाळाला हात लावला. “अगं, साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ पदार्थ! यापेक्षा पोळी बरी होती!” मग आईकडे वळून म्हणाले, “वहिनी, हिची पाळी मध्ये नियमित झाली होती, याचा अर्थ शरीर ऐकतंय. अजून दीड महिना देतो. त्यानंतर मी थांबणार नाही.”

घरी येऊन आईने साबुदाण्याचा डबा उचलला आणि कामवाल्या बाईला देऊन टाकला. पण दुसऱ्या दिवशी बेल वाजली आणि दारात काकू उभ्या राहिल्या, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर तेच जुनं हसू आलं.

काकू या वेळी डबा नव्हे, योजना घेऊन आल्या होत्या.

“कल्पना,” त्या आईला म्हणाल्या, “कार्तिकी जवळ आली. पोरीने एवढा नेम पाळला, उद्यापन दणक्यात व्हायला हवं. मंडळाच्या सगळ्या बायका येतील, आपल्याच गच्चीवर करू. जे सोडलं ते आधी गुरुजींना दान द्यायचं, आणि मग हिने सगळ्यांच्या देखत खायचं. पुरणपोळी, साखरभात आणि टॉवर चौकातली गरम जलेबी. मी सांगून ठेवलंय.” मग आवाज खाली आणत, “आणि माझा इंदूरचा भाचा आहे ना, त्याचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. आत्ताच नाही हो, पण एवढी सात्त्विक मुलगी लक्षात ठेवायला नको का?”

सोळा वर्षांची सात्त्विक मुलगी आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून किंचाळली.

काकू गेल्यावर आईने तोडगा काढला. आईकडे आता तोडगे आपोआप उगवायला लागले होते.

“एकच दिवस खा. थोडंथोडं. मग लगेच दुसरा नेम धरू. चैत्रापर्यंतचा.”

“आणि चैत्रात?”

“चैत्रात बघू.”

बाबा पेपरातून म्हणाले, “बघू की.”

ईराच्या डोळ्यांसमोर तिचं उरलेलं आयुष्य उभं राहिलं. नेमामागून नेम, उद्यापनामागून उद्यापन, दर वेळी दान, दर वेळी सगळ्यांच्या देखत पुरणपोळी. पण खरं बोलायचं तर त्या क्षणी तीही ‘बघू’च म्हणाली असती. आईचा चेहरा बघितला की तिची वादविवादातली सगळी बक्षिसं कपाटात जाऊन बसायची.

दोन दिवसांनी संध्याकाळी ती एकटीच चालायला निघाली, तर जिन्यात सायलीवहिनी भेटली. सायलीवहिनी ही काकूंची सून. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती, स्वभावाने शांत, आणि काकूंच्या घरात शांत राहण्यावाचून दुसरा मार्गही नव्हता. तिने इकडेतिकडे बघून ईराचा हात धरला.

“ईरा, एक विचारू? रागावणार नाहीस ना? नेम धरल्यापासून तुझी… म्हणजे महिन्याचं… तुझ्या आई एकदा आमच्याकडे बोलून गेल्या, की नेमाने पोरीची तब्येत सुधारली. पाळीसुद्धा.”

“का गं वहिनी?”

“मला पण तोच त्रास आहे. पीसीओडी. थायरॉइडपण आहे. गोळ्या चालू होत्या. पण सासूबाई म्हणाल्या, ती एवढीशी पोर नेमाने बरी झाली, तू कशाला गोळ्या गिळतेस? म्हणून नवरात्रापासून मी पण धरलाय, तुझ्यासारखाच.” ती लाजून हसली. “फराळावरच आहे. गोळ्या सगळ्या बंद केल्या. पण थकवा फार येतो गं. जिना चढताना बसावं लागतं. तुलाही सुरुवातीला असंच व्हायचं का?”

बारावीच्या मुलांना गप्प करणारी ईरा नुसतं “जपून जा” म्हणाली. वहिनीने तिचा हात सोडला, कठड्याला धरून दोन पायऱ्या चढली आणि श्वास घ्यायला थांबली. तिच्या मानेवर, मंगळसूत्राच्या खाली, तोच काळा पट्टा होता.

ईरा चालायला गेली नाही. ती घरात आली, तर बाबा सोफ्यावर सेव खात होते आणि आई काकूंनी दिलेल्या साड्यांमधून उद्यापनाला नेसवायची साडी निवडत होती.

“आई, सायलीवहिनीने गोळ्या बंद केल्यात. थायरॉइडच्यासुद्धा. माझा नेम बघून.”

आईच्या हातातली साडी जमिनीवर पडली. “काय?”

“तू त्यांच्याकडे म्हणालीस ना, नेमाने पाळी सुधारली?”

“मी… अगं, मी नुसतं कौतुक म्हणून…” आई खाली बसली. साडीची घडी उलगडत आणि पुन्हा घालत राहिली. मग म्हणाली, “माझ्या जयूमावशीला असंच होतं. तेव्हा नावसुद्धा माहीत नव्हतं कोणाला. मूल झालं नाही तिला. बायका तिला हळदीकुंकवाला बोलवायच्या, पण ओटी भरताना तिच्यापाशी आल्या की पुढे जायच्या. मी लहान होते, तिच्या शेजारी बसलेली असायचे. तुझ्यापाशी आल्यावर कोणी असं पुढे गेलेलं मला बघवणार नाही, ईरा.”

ईराने आईच्या हातातली साडी काढून बाजूला ठेवली.

ती आईच्या शेजारी बसली. “म्हणून आता सायलीवहिनी जिन्यात बसतेय, आई.”

बाबांनी सेवची वाटी खाली ठेवली. गेल्या चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी ‘बघू’ म्हटलं नाही. “तिला सांगायला हवं,” ते म्हणाले. “मी उद्या काकूंच्या मुलाशी बोलतो, ऑफिसातून आल्यावर, जरा आडून…”

“आडून नको, बाबा. आडूनच चाललंय सगळं आषाढापासून.” ईरा उठली. तिचा आवाज वादविवाद स्पर्धेतल्यासारखा नव्हता, थोडा कापतच होता, आणि तिने तो तसाच कापू दिला. “ऐका. गच्चीवरचं उद्यापन होणार नाही, आणि चैत्रापर्यंतचा नेमही नाही. डॉक्टरांनी जे सांगितलंय ते मी खाणार, कार्तिकीनंतरही आणि चैत्रानंतरही. दीड महिन्याने आकडे नाही उतरले तर गोळी घेईन, तोंड वाकडं न करता. कोणी खिचडी आणली तर म्हणणार, मला पीसीओडी आहे, शुगर दारात उभी आहे, म्हणून खात नाही. अगदी याच शब्दांत. ओटी भरताना कोणी माझ्यापाशी येऊन पुढे गेलं, तर जाऊ दे. आणि मी आत्ता समोर जातेय, सायलीवहिनीला सांगायला की तिच्या गोळ्या आधी सुरू कर, उद्याच डॉक्टरकडे चल. काकू घरी आहेत, त्यांच्या देखतच सांगणार. आई, तू बरोबर आलीस तर मला बरं वाटेल. नाही आलीस तरी मी जातेय.”